तिरकी कड मारताना आधार कुठे जातो

परवा एका टेबलटॉपची खालची कड राउटरने तिरकी मारली. राउटर म्हणजे हातात धरून लाकडाची कड कापायचं मशीन, आणि त्यात खाली वेगाने फिरणारं पातं म्हणजे बिट. १८ एमएमचा प्लाय, त्यातले खालचे १२ एमएम ४५ अंशात काढायचे आणि वर ६ एमएमची सरळ कड ठेवायची, म्हणजे समोरून बघताना टॉप एकदम पातळ दिसतो, जडपणा जातो. राउटर प्रत्यक्ष चालला तो चारही बाजू मिळून पंचवीसेक मिनिटं, पण त्याआधी तयारीला जवळपास तीन तास गेले आणि आज लिहायचंय ते त्या तीन तासांबद्दल. घरी छोटं वर्कशॉप असलेल्या लोकांशी बोलताना जाणवतं की राउटरची एक तर खूप भीती वाटते नाहीतर अजिबात वाटत नाही, आणि दोन्ही वेळेला कारण तेच, मशीन नेमकं कधी आणि का हाताबाहेर जातं हे कुणी नीट सांगितलेलंच नसतं. मलाही नव्हतं सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी मी पुस्तकांसाठी एक खोकं करत होते. कोपरे मायटरचे, म्हणजे प्रत्येक फळीची कड पूर्ण जाडीभर ४५ अंशात, दोन फळ्या जोडल्या की काटकोन आणि प्लायचे थर कुठेच दिसत नाहीत. बेअरिंगवालं चॅम्फर बिट, म्हणजे तिरकी कड मारायचं बिट, लावलं, तीन पासमध्ये, म्हणजे तीन फेऱ्यांत थोडं थोडं कापत, करायचं ठरवलं, पहिले दोन पास मस्त गेले, भुसा उडतोय, कड गुळगुळीत येतेय, आणि तिसऱ्या पासला निम्म्या फळीवर आले तेव्हा आवाज बदलला. आधी एकसारखी घरघर होती ती एकदम खर्जात गेली आणि राउटर आत ओढला गेला. मी हात सोडले नाहीत पण त्याला रोखूही शकले नाही, बटण बंद करेपर्यंत कडेला बोटभर लांब आणि तीनेक एमएम खोल खाच पडलेली. फळी गेली. मला काही लागलं नाही, पण मनगटाला बसलेला तो हिसका दोन दिवस जाणवत होता. त्या रात्री ती फळी आणि ते बिट समोर घेऊन बसले आणि नक्की काय झालं ते शोधत राहिले.

झालं होतं ते साधंच. बेअरिंग म्हणजे बिटच्या टोकाला असलेलं छोटं चाक, ते कडेच्या सरळ भागाला टेकून चालतं आणि त्याच्यामुळेच बिट ठरल्यापेक्षा जास्त आत जात नाही. आता तिरका काप जसजसा खोल जातो तसतसा तो सरळ भाग कमी होत जातो. १८ एमएमच्या कडेत ६ एमएम बेव्हल, म्हणजे तिरका काप, केला तर टेकायला १२ उरले, १२ केला तर ६, आणि पूर्ण १८ केला तर काहीच नाही. माझं बेअरिंग ५ एमएम उंचीचं. तिसऱ्या पासला त्याला टेकायला उरली होती ती प्लायच्या शेवटच्या थराची जाड कागदाएवढी किनार, ती दाबाखाली चुरली, बेअरिंग आत गेलं आणि त्याच्या मागोमाग बिट.

म्हणजे बेव्हल मारताना आपण ज्याच्यावर टेकून काप मारतो तेच कापत पुढे जातो. गोला मारताना (कड गोल करताना) किंवा पताम (कडेला पायरीसारखी खाच) काढताना हा त्रास इतका होत नाही, तिथे बहुतेक वेळा खाली भरपूर कड शिल्लक असते. तेव्हापासून मी काम सुरू करायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारते, शेवटच्या पासला कोण कशावर टेकलेलं असणार आहे? बेअरिंग कशावर, राउटरचा बेस म्हणजे खालची सपाट तबकडी कशावर, शीट कशावर. पहिल्या पासला सगळंच टेकलेलं असतं, तो काय कोणीही मारेल.

बेअरिंगचा उपाय सोपा आहे. पूर्ण जाडीचा बेव्हल हवा असेल तर शीटच्या खाली दुसरी एक पट्टी लावायची, मी १२ एमएमच्या एमडीएफची (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेल्या बोर्डाची) लावते, तिची एक कड एकदम सरळ हवी आणि ती कड वरच्या फळीच्या कडेशी बरोबर जुळवायची. मध्ये दुहेरी टेप, शिवाय क्लॅम्प. मग बेअरिंग फळीवर चालतच नाही, पट्टीवर चालतं, फळीचं टोक कितीही धारदार होऊ दे. आणि एक जास्तीचा फायदा असा की त्या शेवटच्या पातळ थराला खालून पाठ मिळते त्यामुळे ढलप्या निघत नाहीत. जुळवताना मी नुसत्या डोळ्यावर भरवसा ठेवत नाही, अंगठ्याचं नख वरून खाली फिरवते, नखाला जिथे पायरी लागेल तिथे पट्टी सरकवायची. दिसत नाही ती पायरी, पण नखाला बरोबर कळते. पट्टीच्या कडेत खड्डा असेल तर तो जसाच्या तसा बेव्हलमध्ये उतरतो, त्यामुळे पट्टी निवडताना कंटाळा करून चालत नाही.

टेबलटॉपला ६ एमएम शिल्लक राहणार होते आणि बेअरिंग ५ चं, म्हणजे पट्टीशिवाय भागत होतं, तरी बिटच्या उंचीची सेटिंग एकदा भंगार तुकड्यावर मारून बघितली कारण तिथे चूक करायला फक्त १ एमएम जागा होती. आणि अजून एक गोष्ट जी मला आधी लक्षात आली नव्हती, बेअरिंगच्या खाली तो स्क्रू असतो ना त्याचं डोकं अजून खाली येतं, शीट बेंचवर सपाट ठेवली असेल तर ते डोकं बेंचला घासतं. म्हणून ज्या कडेवर काम चाललंय ती बेंचच्या बाहेर तरी काढायची नाहीतर सगळी शीट खाली पट्ट्या घालून उचलायची.

आता बेस. ही गोष्ट मला वाटतं सगळ्यात कमी बोलली जाते. बेअरिंगचा व्यास बहुतेक वेळा १२.७ एमएम असतो, म्हणजे ते कडेला टेकलेलं असताना बिटचा मध्य कडेच्या साधारण ६ एमएम बाहेर असतो. राउटरची मोटर त्याच बिटच्या रेषेत वर बसलेली. याचा अर्थ मशीनचं निम्म्याहून जास्त वजन शीटच्या बाहेर हवेत आहे, बेसचा निम्म्याहून कमी भाग शीटवर आहे, आणि तो राउटर बाहेरच्या बाजूला कलंडत नाही याचं एकमेव कारण म्हणजे आपला हात. कोपऱ्यावर आलं की तर बेसचा जेमतेम पाव भाग टेकलेला राहतो. आणि नेमकं कोपऱ्यावरच आपण वळायच्या नादात हात बदलतो. राउटर दोन अंश जरी कलला तरी तिरकं बिट कडेत घुसतं किंवा बेव्हलवर लाट उमटते, आणि ती लाट पॉलिश पेपरने काढायला पाऊण तास लागतो.

यावर मी दोन गोष्टी करते. एक, ज्या शीटचं काम आहे त्याच शीटचा उरलेला लांब तुकडा कडेला समांतर ठेवते, मध्ये बिट आरामात फिरेल एवढी फट सोडून, ६०-७० एमएम पुरते, आणि तो तुकडाही क्लॅम्प करते, म्हणजे बेस दोन्ही बाजूंनी टेकला. त्याच शीटचा तुकडा यासाठी की जाडी तंतोतंत तीच मिळते, १८ एमएम म्हणून विकला जाणारा दुसरा प्लाय अर्धा एमएम इकडेतिकडे असू शकतो आणि तेवढ्यानेही राउटर डुगडुगतो. दोन, राउटरचा मूळ बेस काढून त्या जागी १० एमएम अॅक्रिलिकचा लांबट बेस लावलाय, एका बाजूला लांब शेपूट आणि शेपटीच्या टोकाला मूठ. डावा हात कायम त्या मुठीवर, शीटच्या आतल्या बाजूला, खाली दाबत. उजवा हात फक्त ढकलतो. हा बेस बनवायला एक दुपार गेली पण एवढ्या उपयोगाची वस्तू मी माझ्या वर्कशॉपमध्ये दुसरी बनवलेली नाही.

शीट स्वतः कशावर आहे तेही बघावं लागतं. पूर्ण ८ बाय ४ ची १८ एमएम एमडीएफ शीट चाळीस किलोच्या आसपास भरते, तिला दोन टोकांना दोन स्टुलांवर ठेवलं तर मध्ये ती झोळ खाते, आणि झोळ खाल्लेल्या शीटवर सपाट बेस चालवला की बेव्हलची रुंदी जागोजागी बदलते. मी जमिनीवर जाड थर्माकोलची शीट अंथरते किंवा बेंचवर चार आडव्या पट्ट्या ठेवते. क्लॅम्प नेहमी राउटरच्या वाटेत येतात, त्यामुळे निम्मं अंतर झालं की राउटर पूर्ण बंद, बिट थांबलं, राउटर बाजूला, मग क्लॅम्प हलवायचे. चालू राउटर एका हातात धरून दुसऱ्या हाताने क्लॅम्प सैल करताना मी एकाला प्रत्यक्ष पाहिलंय, मला तिथे उभं राहवेना.

माझे बाबा सगळ्या कडा रंध्याने मारायचे. लहानपणी मी शेजारी बसून भुशाच्या कुरळ्या गोळा करायचे आणि कधी हातात रंधा मागितला की ते म्हणायचे, "आधी फळी हलवून बघ गं. फळी हलली नाही की हात हलत नाही." मी म्हणायचे, "बाबा, नाही हलत, बघा तुम्ही," आणि ते दोन बोटांनी ढकलून ती हलवून दाखवायचे. आजही क्लॅम्प लावून झाले की मी शीटला चारही बाजूंनी दोन बोटांनी ढकलते. किंचित जरी हलली तर एक क्लॅम्प वाढवते.

पासचा हिशोब. इथे माझी समजूत बराच काळ चुकीची होती. १२ एमएमचा बेव्हल तीन पासमध्ये मारायचा तर मी ४, ८, १२ असं करायचे, वाटायचं समान भाग झाले. पण ४५ अंशाचा बेव्हल म्हणजे कापला जाणारा त्रिकोण आहे आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ खोलीच्या वर्गाने वाढतं. ४ एमएमला ८ चौरस एमएम लाकूड निघतं, ८ ला ३२, १२ ला ७२. म्हणजे पहिल्या पासला ८, दुसऱ्याला २४ आणि तिसऱ्याला ४०! सगळ्यात जास्त ओझं अशा पासला, जेव्हा टेकायला सगळ्यात कमी जागा उरलेली असते. समान ओझं हवं असेल तर तीन पास साधारण ७, ९.८ आणि १२ वर येतात, चार करायचे तर ६, ८.५, १०.४ आणि १२. मी चार करते आणि त्यानंतर अर्ध्या एमएमपेक्षाही कमी असा एक शेवटचा हलका हात राखून ठेवते, म्हणजे आधी ११.६ पर्यंतच जायचं आणि मग १२. त्या शेवटच्या पासला राउटर अक्षरशः तरंगत जातो, भुसा पिठासारखा पडतो, आणि जी कड येते तिला पॉलिश पेपर जेमतेम दाखवावा लागतो. हे आकडे बेंचसमोरच्या भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवलेत.

दिशा. यावर खूप लिहिलं गेलंय, घड्याळाच्या दिशेने, उलट दिशेने, बाहेरून असं, आतून तसं, आणि ऐन वेळी डोक्यात गोंधळ होतोच. मी एकच लक्षात ठेवते, राउटर पुढे जाताना लाकूड त्याच्या डाव्या हाताला असलं पाहिजे. बस. हातात धरलेल्या राउटरचं बिट वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतं, लाकूड डावीकडे असेल तर बिटचे दात आपल्या ढकलण्याला विरोध करतात, हाताला एक सलग ताण जाणवतो आणि बेअरिंग कडेला नीट दाबलेलं राहतं. लाकूड उजवीकडे आलं की बिट चाकासारखं कडेवरून पळायला लागतं आणि राउटर पुढे ओढून नेतं. डावीकडचा नियम पाळला की बाहेरच्या कडांना आपोआप घड्याळाच्या उलट फेरी होते आणि आतल्या खिडकीच्या कडांना घड्याळाप्रमाणे, वेगळं पाठ करायला लागत नाही. लक्षात राहत नसेल तर उजवा हात पालथा धरा, अंगठा काटकोनात बाहेर काढून लाकडाकडे वळवा, तर्जनी ज्या दिशेला दाखवते तिकडे जायचं.

एका एमडीएफच्या पॅनलला मधोमध चौकोनी खिडकी होती, बाहेरच्या चारी कडा मारून झाल्यावर मी त्याच लयीत खिडकीत उतरले आणि त्याच दिशेने फिरवायला लागले. जेमतेम ३ एमएमचा काप होता म्हणून निभावलं, राउटर एकदम हलका झाला, अर्धा फूट स्वतःहून पळाला आणि कोपऱ्यावर आपटून थांबला. हलकं वाटणं हीच खूण आहे. राउटर अचानक हलका वाटला, ढकलायलाच लागत नाहीये असं वाटलं, तर काम छान चाललंय असं समजू नका, थांबवा. आता मी शीटवरच पेन्सिलने बाण काढते, बाहेरच्या चार कडांना चार आणि आतल्यांना चार, नंतर पॉलिश पेपरने जातात ते.

लहान तुकड्यांचं गणित उलटं असतं. शीट मोठी असेल तर राउटर शीटवर न्यायचा, तुकडा छोटा असेल तर राउटर टेबलमध्ये उलटा बसवून तुकडा त्याच्याकडे न्यायचा. टेबलमध्ये बिट वरून बघताना उलट फिरतं, त्यामुळे समोर उभं राहून तुकडा उजवीकडून डावीकडे सरकवायचा. आणि एक गोष्ट कधीच करायची नाही, बिट आणि फेन्स (टेबलवरची सरळ आधारपट्टी) यांच्या मधल्या फटीतून तुकडा घालायचा नाही, तिथे बिट त्याला पकडून बाणासारखं फेकतं आणि हात त्याच्या मागोमाग बिटवर जाऊ शकतो. अगदीच हातभर नसलेले तुकडे तर मी टेबलवरही नेत नाही, आधी मोठ्या फळीवर बेव्हल मारते आणि मग करवतीने हवे तेवढे कापून घेते.

कॉलेटबद्दल, म्हणजे बिटची दांडी पकडणाऱ्या राउटरच्या जबड्याबद्दल, थोडक्यात पण हे वगळू नका. बदल करताना प्लग काढलेला हवा, नुसतं बटण बंद नाही, प्लग डोळ्यांसमोर बेंचवर दिसला पाहिजे. बिटची दांडी पूर्ण आत घालायची, मग दोन-तीन एमएम परत बाहेर ओढायची आणि मग पान्याने आवळायची, तळाला टेकवून आवळली तर आवळताना कॉलेट खाली सरकतं आणि पकड अर्धवट राहते. ६ एमएमची दांडी आणि पाव इंची म्हणजे ६.३५ एमएमचं कॉलेट हे एकच समजू नका, ढिली बसेल आणि चालू असताना बिट हळूहळू बाहेर येईल. बेअरिंग बोटाने फिरवून बघायचं. राळ किंवा गोंद जमून ते अडकलं असेल तर ते बिटबरोबर त्याच वेगाने फिरतं आणि टेकलेल्या कडेवर काळा चट्टा जाळत जातं.

वेग. मोठं चॅम्फर बिट ४५ एमएम व्यासाचं असेल तर २४,००० आरपीएमला त्याच्या बाहेरच्या धारेचा वेग तासाला २०० किलोमीटरच्या वर जातो. एवढं मोठं बिट त्या वेगाला चालवायचंच नाही, मी १६,००० वर आणते, तेव्हाही ती धार तासाला १३५ च्या आसपास पळत असतेच. तुमच्या हातातला छोटा ट्रिम राउटर ३०,००० चा असेल आणि त्याला वेग कमी करायची सोय नसेल तर त्यात बारीक बिटच लावा, रुंद बेव्हल त्याचं काम नाही. बिटच्या पाकिटावर कमाल आरपीएम छापलेला असतो, तो वाचा. सुरू करताना बिट कडेला टेकलेलं नको, आधी पूर्ण वेग येऊ दे, मग हळूच टेकवायचं. संपल्यावर बंद करून बिट थांबेपर्यंत राउटर हातातच, घाईत खाली ठेवला तर तो बेंचवर चालत सुटतो.

जळल्याचा वास आला तर बहुतेक वेळा आपण एका जागी रेंगाळलेलो असतो किंवा बिट बोथट झालेलं असतं. प्लायमध्ये थरांमधला गोंद धार लवकर खातो. बोथट बिटला जास्त ढकलावं लागतं आणि जास्त ढकललं की घसरताना हात जास्त लांब जातो, म्हणून बोथट बिट मी कामाच्या दर्जासाठी कमी आणि स्वतःच्या बोटांसाठी जास्त बदलते.

क्रम असा, आधी लाकडाच्या तंतूंच्या रेषेला आडव्या जाणाऱ्या कडा, मग रेषेच्या दिशेच्या. आडव्या कडेच्या शेवटी बिट बाहेर पडताना कोपऱ्याची ढलपी उडवतंच, नंतर लांब कड मारताना ती बऱ्यापैकी साफ होते. तरी मी बाहेर पडायच्या टोकाला एक भंगार तुकडा घट्ट लावते, फुटायचं ते त्याचं फुटू दे. वर सनमायका लावलेला असेल तर कापाच्या रेषेवर मास्किंग टेप आणि पहिला पास अगदी उथळ.

धुळीबद्दल मी हट्टी आहे. एमडीएफची धूळ इतकी बारीक असते की दिसते त्यापेक्षा न दिसणारी जास्त असते. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, आणि एमडीएफ व प्लायच्या गोंदात असणारं फॉर्मल्डिहाइड २००४ मध्ये त्याच गटात गेलं. राउटरला व्हॅक्यूमचा पाइप जोडलेला असतोच, पण कडेवर काम करताना निम्मा बेस हवेत असल्यामुळे निम्मी धूळ पाइपला सापडत नाही, त्यामुळे एन ९५ मास्क लागतोच, कापडी मास्कने काही होत नाही. काम संपल्यावरही लगेच मास्क काढत नाही, धूळ हवेत असते बराच वेळ. कानांचंही तसंच, राउटर सहज १०० डेसिबलच्या आसपास जातो आणि अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या हिशोबाने १०० डेसिबलला दिवसाची मर्यादा १५ मिनिटं आहे. माझं टेबलटॉपचं काम पंचवीस मिनिटांचं होतं. चष्मा बंद बाजूंचा, केस घट्ट बांधलेले, गळ्यात लोंबणारं काही नाही, आणि हातमोजे अजिबात नाहीत, फिरत्या बिटमध्ये मोजा अडकला तर तो हातासकट ओढतो.

अॅक्रिलिकचं वेगळं थोडं सांगते कारण मध्ये एका दिव्यासाठी त्याच्या कडा मारल्या होत्या. ते १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि बिट एका जागी दोन सेकंद रेंगाळलं तरी तेवढी उष्णता सहज होते. मग चुरा वितळून बिटला चिकटतो आणि कापलेल्या जागी परत चिकटून बसतो. कास्ट अॅक्रिलिक त्या मानाने बरं, त्याचा कोरडा चुरा पडतो, एक्सट्रुडेड लवकर चिकट होतं. वेग कमी, बिट नवं, संरक्षक फिल्म काढायची नाही, आणि हात न थांबवता सलग जायचं. पातळ शीट थरथरली की तडकते, म्हणून खाली आणि वर दोन्हीकडे लाकडी फळी घेऊन कडेच्या अगदी जवळ आवळायची. चुरा गरम आणि टोकदार असतो, मनगटावर उडतो, त्यासाठी घट्ट बाह्यांचा शर्ट.

आणि दरवेळी राउटर काढायलाच हवा असंही नाही. नुसती कड मोडायची असेल, दोन एमएमचा चॅम्फर, तोही एकाच फळीला, तर मी बाबांचा रंधा घेते. कडेवर ४५ मध्ये तिरका धरायचा आणि चार हात मारायचे, आवाज नाही, धूळ नाही, पाच मिनिटांत काम होतं. एमडीएफवर तर तो लोण्यासारखा चालतो, फक्त पातं नंतर परत घासून घ्यावं लागतं.

परवाच्या टॉपला शेवटचा पास झाला, क्लॅम्प काढले, शीट पालथी होती ती उलटी केली आणि उचलताना तळव्याला चरचरलं. खालच्या बाजूला बेव्हल जिथे सुरू होतो तिथली धार ताज्या पात्यासारखी होती, रक्त नाही आलं पण पांढरी रेघ उमटली. आधी ते केलं मग, १८० चा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळला आणि चारही बाजूंनी त्या धारेवरून दोन-दोन हात फिरवले, दिसण्यात काही फरक पडला नाही पण आता टेबलाखाली हात गेला तर बोचत नाही. उद्या पॉलिशचा पहिला हात.